सोलापुरात स्विस पलटण: १/७२ च्या प्रकल्प नोंदी

१८ जानेवारी

टेबलावर छोटे सैनिक मांडून फाशांनी लढाया खेळायचा आमचा छंद. दाजींकडं दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पहाडी पलटण आहे, कधीची रंगवून तयार, आणि त्यांच्यासमोर उभं करायला माझ्याकडं काहीच नव्हतं. ब्रिटिश, रशियन सगळ्यांकडं असतात. म्हणून ठरवलं स्वित्झर्लंड, उन्हाळा १९४०. म्हणजे जी लढाई झालीच नाही ती. फ्रान्स पडल्यावर जर्मनांनी स्वित्झर्लंडवर हल्ल्याचे आराखडे खरंच केले होते, टॅननबाउम नावानं, पण ते कागदावरच राहिले. दाजींना सांगितलं तर म्हणाले, "पाव्हणं, जे लढलेच नाहीत त्यांच्याशी काय लढू मी?" बघू म्हटलं.

स्केल १/७२, म्हणजे खऱ्याचा बहात्तरावा भाग. त्याहून मोठ्या, २८ मिमीच्या मापात एक प्लाटून बाहेरून मागवायची तर पोस्टेज आणि कस्टम धरून हिशोब बसत नाही. तोटा असा की १/७२ मध्ये दुकानातून उचलून आणावेत असे १९४० चे स्विस मला काही मिळाले नाहीत, म्हणजे जर्मन पायदळाचा डबा घ्यायचा आणि कापाकापी करायची. दोन डबे मागवले, घरपोच २,७०० रुपये.

कुणी हे करायला घेणार असेल तर आधी वर्ष पक्कं करा. मी २४ मिमीची रणगाडाविरोधी बंदूक बनवायला निघालो होतो, टांकब्युक्से ४१, नावातच ४१ आहे. १९४० च्या टेबलावर ती चालत नाही. तिच्या जागी ४७ मिमीची पायदळ तोफ, १९३५ चं मॉडेल.

२६ जानेवारी

सुट्टी होती, दिवसभर हेल्मेट.

स्विस हेल्मेट १९१८ चं मॉडेल. लांबून जर्मन वाटतं पण तसं नाही, जर्मन हेल्मेटला कपाळापाशी आणि कानापाशी जी पायरी पडते ती याला नाही, कड एका ओघात खाली येऊन बाहेर पसरते. हेल्मेट चुकलं तर सगळी पलटण जर्मनच दिसणार, बाकी काहीही करा.

पहिला प्रयोग एम-सीलचा. जर्मन हेल्मेट तासून वर एम-सीलचा थर द्यायचा आणि ओल्या बोटानं कड काढायची. एम-सील रवाळ असतं, इतक्या छोट्या कामाला जाड पडतं आणि घट्ट व्हायला लागलं की तुमचं ऐकत नाही. संध्याकाळी दहा-बारा जण तयार झाले, प्रत्येकाच्या डोक्यावर शेंगदाण्याचा लाडू ठेवल्यासारखा. बायकोनं एक उचलून बघितला आणि काही न बोलता परत ठेवला.

पोरगं म्हणालं प्रिंट का करत नाही. इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्याकडं रेझिन प्रिंटर आहे, जुळे सोलापुरात, त्याला विचारलंय. हेल्मेटसकट डोकीच छापायची, फाईल पोरगं बनवतंय.

२ फेब्रुवारी

डोकी आली. ६० डोकी ४५० रुपये. एकदम सुंदर छपाई, आणि एकदम मोठी. फाईल २८ मिमीच्या मापानं बनली होती. परत छापली, अजून ३०० गेले. आता माप बरोबर आहे. मोठी डोकी ठेवलीत, कुणाला २८ मिमीत स्विस करायचे असतील तर घेऊन जा.

पुढचा घोळ चिकटवण्याचा. या डब्यातली माणसं मऊ प्लॅस्टिकची असतात, पॉलिथिन. फेविक्विक असो की दुसरं काही, पॉलिथिनला धरतच नाही, अंगठ्यानं ढकललं की डोकं टेबलाखाली. इलाज एकच, मानेत भोक पाडून तार घालायची. सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्या दुकानात हातानं फिरवायची बारीक ड्रिल मिळते, अर्ध्या मिमीच्या सुया वेगळ्या घ्यायच्या, सगळं मिळून २८०. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून तांब्याची तार फुकट. एका डोक्याला पाच मिनिटं धरून चला, आणि रेझिनच्या बाजूनं ड्रिल मारताना जोर लावला की डोकं दुभंगतं.

९ फेब्रुवारी

रंग. फोटोत बघायला गेलं तर प्रत्येक फोटोत वेगळा. स्विस गणवेश करडा-हिरवा, हे नक्की, पण किती करडा आणि किती हिरवा यावर अख्खी रात्र गेली.

शेवटी डोकं चाललं. आपल्या गावात गणवेशाचे एवढे कारखाने आहेत, शेड कार्ड बघायला काय जातंय. ओळखीचे कटिंग मास्तर आहेत, त्यांच्याकडं मोबाईलवर संग्रहालयातल्या कोटाचा फोटो घेऊन गेलो. त्यांनी फोटो बघितला, पोराकडून तीन कार्डं आणून घेतली आणि टक्कन एका तुकड्यावर बोट ठेवलं.

"मास्तर, हा कुठल्या शाळेचा?"

"शाळेचा न्हाय वो साहेब. सिक्युरिटीचा हाय. मॉलमधी उभारतेत की."

तुकडा घेऊन आलो, रंग मिसळला. काळा, यलो ऑकर, पांढरा आणि हिरव्याचा एक थेंब. तुकड्याशी तंतोतंत जुळला आणि माणसावर लावला तर नुसता काळा दिसायला लागला. एवढ्याशा माणसावर खरा रंग गडदच दिसतो, म्हणून पांढरा वाढवत गेलो, अंदाजे पाचवा हिस्सा. जुळलेला रंग होमिओपॅथीच्या बाटल्यांत भरून ठेवला. एकदम भरपूर मिसळा. नंतर तोच रंग परत जमत नाही.

बाकी बारकावे पटकन: १९४० च्या उन्हाळ्यात उभ्या कॉलरचे कोट बहुतेकांच्या अंगावर होते, पडकी कॉलर त्या वर्षीच्या नव्या गणवेशात आली. कॉलरपट्टी पायदळाला हिरवी, तोफखान्याला लाल, घोडदळाला पिवळी. पायात गुडघ्यापर्यंतचे जर्मन बूट नकोत, घोट्यापर्यंतचे खिळेवाले बूट, म्हणून डब्यातल्या माणसांच्या पोटऱ्या पँटच्या रंगात रंगवायच्या, कुणाला कळत नाही. पाठीवरची सॅक वासराच्या केसाळ कातड्याची. तपकिरी रंगाचा जवळपास कोरडा ब्रश फिरवला की केस आपोआप दिसतात. अख्ख्या प्रकल्पात विनात्रास झालेलं काम हे एवढंच.

२३ फेब्रुवारी

बंदुका. ३१ मॉडेलची कार्बाइन जर्मन रायफलीएवढीच, या स्केलला हात लावायची गरज नाही. लाइट मशीनगन मात्र बदलावी लागते, फुरर १९२५, तिचं मॅगझिन उजव्या अंगाला आडवं लागतं. स्टेपलरच्या पिनेचा तुकडा लावला. जड मशीनगन मॅक्सिम पद्धतीची, १९११ ची, ती पहिल्या महायुद्धाच्या कुठल्याही डब्यातून चालते.

८ मार्च

रणगाडे. स्वित्झर्लंडनं चेकोस्लोव्हाकियाकडून प्रागाचे हलके रणगाडे घेतले होते, पान्झरवागन ३९, देशभरात मिळून २४. चोवीस! म्हणजे टेबलावर तीन मांडले तरी देशाचा आठवा हिस्सा मांडला. मी दोनच केले.

जर्मनांचा ३८(टी) रणगाडा याच घराण्यातला, त्याचा किट मिळतो. अगदी जुळा भाऊ नाही, स्विस गाडी अंगानं लहान, पण हातभर अंतरावरून चालतं. महत्त्वाचा फरक तोफेचा, स्विसांनी स्वतःची २४ मिमीची बसवली, म्हणजे नळी बारीक पाहिजे. मेडिकलमधून २२ नंबरची इंजेक्शनची सुई आणली, टोक कापून बसवली, बाहेरून ०.७ मिमी भरते आणि आतून पोकळ, यापेक्षा चांगली तोफेची नळी विकत मिळायची नाही. कापताना पक्कड वापरू नका, नळी चपटी होते. कानशीनं गोल फिरवत खाच पाडायची आणि मोडायची.

१६ मार्च

सायकली. स्विस सैन्यात सायकलस्वारांची दलं होती, १९०५ मॉडेलची सायकल, वजन २० किलोच्या वर, आणि ती दलं थेट २००३ पर्यंत टिकली. सायकलीशिवाय स्विस पलटण मी करणार नव्हतो.

चाकं: तांब्याची तार बॉलपेनच्या रिफिलीवर गुंडाळायची, ब्लेडनं उभी चीर द्यायची, कड्या सुट्या होतात. फ्रेम त्याच तारेची, सोल्डर करून. सोल्डर करताना एक जोड लावला की आधीचा सुटतो, कारण तांबं उष्णता पसरवतं. ओल्या फडक्याचा तुकडा आधीच्या जोडावर धरून ठेवला तेव्हा जमलं. आरे सोडून दिले. सहा सायकली झाल्या, त्यात दोन नुसत्या झाडाला टेकवून ठेवायला. एवढ्या वेळात अख्खी प्लाटून रंगवून झाली असती. दुसऱ्यांदा करणार नाही, प्रिंट करा.

५ एप्रिल

ऊन सुरू झालंय. दुपारी गच्चीवर प्रायमरचा स्प्रे मारला आणि सगळी माणसं खरखरीत झाली, अंगभर पावडर बसल्यागत. स्प्रेचे थेंब हवेतच वाळतात आणि कोरडे होऊन चिकटतात. दातांच्या ब्रशनं घासून काही वाचली, काही तशीच ठेवली, त्यांना धुळीत लोळलेले स्काउट केलं. आता प्रायमर पहाटे साडेपाचला, डबा सावलीत ठेवलेला आणि अंतर वीतभर.

ब्रशवरच रंग वाळतोय, त्याला उपाय म्हणून प्लॅस्टिकच्या डब्यात ओला टॉवेल, वर बटर पेपर, त्याच्यावर रंग. स्पंज लागतच नाही. पंखा लावता येत नाही कारण गवताचा भुसा उडतो. बनियनवर बसून रंगकाम चालू आहे.

१३ एप्रिल

टॉवेलवरून आठवलं. मैदान टॉवेलचं करायचं, ही कल्पना गावाला शोभणारी आहे. लूमवाल्या मित्राकडून रिजेक्ट मालातले तुकडे आणले, ५ बाय ४ फूट भरतील एवढे, पैसे घेतले नाहीत त्यानं. "काय करलालाय बे टॉवेलचं?" म्हणाला. शेती करायलोय म्हटलं.

पहिला तुकडा जाड जीएसएमचा, म्हणजे वजनदार कापडाचा घेतला, तर त्याची पाईल, म्हणजे वरचे उभे धागे, १/७२ च्या माणसाच्या मांडीपर्यंत येते. उभ्या गव्हाला चालेल, कुरणाला नाही. कुरणाला हलका माल, नॅपकिनचा. दुसरी गोष्ट, टॉवेल रंग पितो. फेविकॉलचं पाणी आणि डिस्टेंपर ओतत राहिलो, सगळं खाली झिरपून प्लायवूडला चिकटलं आणि वर पाईल मऊच्या मऊ.

मित्राचे वडील म्हणाले, आधी खळ द्या. सूत ताठ करायला देतात तशी. मैद्याची खळ शिजवली, टॉवेल बुडवून पिळून उन्हात पसरला, तासाभरात पत्र्यासारखा कडक. मग वरून डिस्टेंपर, मग पिवळट कोरडा ब्रश. झकास.

चार दिवसांनी झुरळं. मैद्याची खळ, दुसरं काय होणार. पुस्तक बांधणारे खळीत मोरचूद घालतात, ते आठवलं, दुसऱ्या घाण्यात चिमूटभर घातला, आता झुरळ फिरकत नाही. मोरचूद विषारी आहे, लहान पोरं असतील तर लांब ठेवा आणि स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. यावरून आमच्या घरी जे झालं ते इथं लिहीत नाही.

२७ एप्रिल

डोंगर आणि बोगदा. आल्प्समधल्या गोटहार्ड खिंडीच्या दक्षिण तोंडासारखं काहीतरी करायचं होतं. मी बघितलेले घाट म्हणजे तुळजापूरचा घाट, तो आल्प्सला उपयोगाचा नाही. तिथला दगड ग्रॅनाइट, फिकट करडा, आपला काळा. खडीच्या ढिगातून चुरी आणून चिकटवली होती, ती सगळी पांढरट रंगवावी लागली.

फ्रिजच्या दुकानातून पॅकिंगचं थर्माकोल आणलं, गरम तारेनं कापलं. सुट्टीत आलेल्या भाच्यानं उत्साहानं त्यावर थेट स्प्रे मारला आणि डोंगराला भोकं पडून तो बसला. स्प्रेतलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं. आधी फेविकॉल आणि वॉल पुट्टीचे दोन हात द्यायचे, ते पूर्ण वाळले की मग काय ते. अर्धा डोंगर परत केला. विरघळलेला अर्धा फेकला नाही, तो दरड कोसळलेला भाग म्हणून लावला.

बोगद्याचं तोंड कार्डबोर्डचं, पूल आइस्क्रीमच्या काड्यांचा, मधला गाळा सुटा. तो सुटा का, ते पुढं येईल.

विमानही केलं. मेसरश्मिट १०९ ई. स्वित्झर्लंडनं ही विमानं जर्मनीकडूनच विकत घेतली होती आणि १९४० च्या मे-जूनमध्ये त्यांनीच जर्मन विमानं पाडली. दाजींकडंही तेच विमान, फक्त चिन्ह वेगळं. लाल चौकोनात पांढरा क्रॉस रेडियमवाल्याकडून कापून घेतला. पहिल्यांदा त्यानं दवाखान्याचा बारीक क्रॉस कापला. स्विस क्रॉसचा हात त्याच्या रुंदीपेक्षा सहावा हिस्सा लांब असतो, म्हणजे सात लांब सहा रुंद, असं कागदावर काढून दिलं तेव्हा जमलं. ४० रुपये.

११ मे

पहिला खेळ. दिवाणावर प्लाय टाकून. आमच्या नियमांत पिशवीतून फासे काढायचे, ज्याचा फासा निघेल त्याची तुकडी हलणार.

मी हौसेनं सपाट मैदान मांडलं, गव्हाची शेतं, एक गाव, स्विस ओळीत. टॉवेल दाखवायचे होते ना. चौथ्या फेरीत खेळ संपला. दाजींचे रणगाडे गव्हातून आले, माझे दोन प्रागा दुसऱ्या फेरीला गेले, ४७ मिमीनं एक गाडी पाडली तेवढीच. सायकलस्वार सायकलवरच मेले.

दाजी चहा घेत म्हणाले, "पोलंडच की वो हे, टोप्या बदलून." बरोबर आहे. दोन्ही बाजूंचे पॉइंट, म्हणजे नियमात मोजलेली ताकद, सारखे, माणसं सारखी, मग स्विस कशाला पाहिजेत.

१८ मे

खेळ झाला नाही, नियमांवरच बसलो.

सपाट मैदानाचा हा हिशोब तेव्हा स्विस सेनापती जनरल गिझाँनंही केला होता. त्यांना ३० ऑगस्ट १९३९ ला संसदेनं जनरल निवडलं, स्वित्झर्लंडमध्ये हे पद युद्धकाळातच असतं. ४ लाखांवर माणसं उभी केली. जून १९४० ला फ्रान्स पडला आणि देश चारी बाजूंनी वेढला गेला. २५ जुलै १९४० ला त्यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांना र्‍यूटलीच्या कुरणावर बोलावलं आणि धोरण सांगितलं ते असं, की सीमेवर आणि मैदानात उशीर करायचा, खरी फौज डोंगरात, सार्गान्स, गोटहार्ड आणि सँ मोरीस या किल्ल्यांच्या आधारानं. बहुतेक लोकवस्ती आणि कारखाने बाहेर मैदानातच राहणार होते, म्हणजे सैनिकानं स्वतःचं घर सोडून डोंगरात जायचं. माझ्या मते हे भयंकर धोरण आहे आणि दुसरं काही सुचतही नाही.

पण त्यात एक मेख होती. पूल आणि बोगद्यांत सुरुंगाची तयारी. आणि जर्मनी-इटलीच्या मालगाड्या, त्यात इटलीला जाणारा जर्मन कोळसा, गोटहार्डमधूनच जात होत्या, अख्खं युद्ध. तटस्थ म्हणजे हात स्वच्छ असं काही नाही, जर्मन सोनंही तिथल्या बँकेनं घेतलं आणि १९४२ मध्ये निर्वासितांना सीमेवरून परत पाठवलं. पण खेळापुरता मुद्दा हा की शत्रूला जी वस्तू पाहिजे तिचा खटका माझ्या हातात आहे.

म्हणून जिंकायची अट बदलली. मेलेली माणसं मोजायची नाहीत. आठव्या फेरीअखेर बोगदा आणि पूल शाबूत जर्मनांकडं असेल तर दाजी जिंकले. उडाला असेल आणि माझी निम्मी माणसं खिंडीपलीकडं पोचली असतील तर मी. उडाला पण माणसं अलीकडंच अडकली तर बरोबरी. सुरुंगाचा हुकूम दिला की दर फेरीला फासा टाकायचा, ४ किंवा वर आला की उडाला. एकदा दिलेला हुकूम मागं नाही.

१ जून

दुसरा खेळ, डोंगरावर. इथं वेळ गेला तो सत्कारणी.

दाजींनी नियम दोनदा वाचला. "म्हणजे मी जोरात आलो तर तुम्ही उडवणार, आणि हळू आलो तर फेऱ्या संपणार. उडालेला बोगदा घेऊन मी काय करू? येऊच कशाला मग?"

"ते तुम्ही ठरवा की दाजी."

आले. पण पहिल्या तीन फेऱ्या पिशवीतून फासे काढून नुसते सरकत होते, गोळी नाही. मीही गोळी झाडली नाही, कारण झाडली की कळणार मशीनगन कुठं आहे. चौथ्या फेरीला त्यांनी डाव्या कड्यावरून पहाडी तुकडी सोडली, मी हुकूम दिला, फासा २. मग १. मग परत २. पुलावर माझे सायकलवाले, मागं त्यांचे जर्मन, आणि सातव्या फेरीला ५ आला. सुटा गाळा काढून घेतला तेव्हा पुलावर माझेच चार जण होते. पलीकडं मोजले तर निम्म्याला दोन कमी. बरोबरी.

दाजींना नियम आवडला पण पहिल्या तीन फेऱ्या कंटाळवाण्या झाल्या, हे खरं आहे. त्यांनी सुचवलं की खेळाआधी त्यांना एक घातपाती पथक द्यायचं, सुरुंगाची तार कापायला. याला आधारही आहे, जून १९४० मध्ये जर्मनांनी स्विस विमानतळांवरची विमानं उडवायला साध्या वेशातलं पथक पाठवलं होतं, ते काही करायच्या आत पकडलं गेलं. म्हणून आता नियम असा: दाजी चिठ्ठीवर लिहिणार तार कुठं कापायची, मी चिठ्ठीवर लिहिणार पहारा कुठं. जुळलं तर पथक पकडलं. नाही जुळलं तर सुरुंगाला ४ ऐवजी ५ लागणार.

८ जून

पावसाळी हवा आली आणि खळीचे टॉवेल मऊ पडलेत, एक कोपरा बुरशीनं काळा झालाय. वरून वार्निशचा हात द्यायला पाहिजे होता, आता वाळवून देतोय. नवीन करणाऱ्यांनी एप्रिलमध्येच द्या.

आतापर्यंतचा खर्च ७,१०० च्या आसपास, त्यात डबे, डोकी आणि रणगाड्यांचे किट हेच मोठे, मैदान आणि डोंगर जवळपास फुकटात. घोडदळ राहिलंय. स्विस ड्रॅगून १९७२ पर्यंत होते, तेव्हा १९४० ला पाहिजेतच, घोडे मागवलेत. तोवर दाजी म्हणतात पुढच्या रविवारी त्यांच्याकडं खेळायचं, पण डोंगर स्कूटीवर मावत नाही, म्हणून तो मधोमध कापून चुंबकानं जोडायचं काम काढलंय.